विज्ञानाने सगळ्याची कारणं दिली, तर देव मानायला जागा उरते का?

तू लिहिलंयस की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, घरी दीड दिवसाचा गणपती असतो, आणि यंदा आरतीला टाळ वाजवताना आपण नाटक करतोय असं वाटलं. विश्वाच्या सुरुवातीपासून मेंदूपर्यंत सगळ्याला नैसर्गिक कारणं मिळत असतील तर देव मानायला जागा उरते का, असा तुझा प्रश्न. वय सांगितलंस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये चोवीस वर्षं टेक्निशियन आहे, आणि घरी रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावते. दोन्ही कामं मनापासून करते.

जागा उरते, असं माझं मत आहे. पण आपण जिथे शोधतो तिथे ती नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली, ते घरी कुणाकडून तरी ऐकलं असशील. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. नौपाड्यात आमच्या गल्लीतल्या देवळापुढे रांग रस्त्यापर्यंत आली होती. आजीने घरातलाच टीचभर पितळी गणपती पाटावर ठेवला, काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत दूध कमी झालं. आजीचे डोळे भरून आले. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी दुसऱ्या चमच्यातल्या दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि तोच चमचा परत सोंडेला लावला. आता गुलाबी ओघळ स्पष्ट दिसला: सोंडेखालून पोटावर, पोटावरून पायाशी, तिथून पाटावरच्या वस्त्रात. पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या काठावर फुगून उभं असतं. मूर्ती टेकली की ते तिच्या अंगाला धरून पातळ होऊन उतरतं, आणि एवढा पातळ थर सहजी नजरेला येत नाही. मला वाटलं, आता आजी कोसळणार. तिने पदराने मूर्ती पुसली, देव्हाऱ्यात ठेवली आणि बाबांना म्हणाली, "तो दूध पितो म्हणून मी त्याला मानत होते होय रे?" उरलेल्या दुधाचा तिने चहा केला.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं होतं, समजायला मात्र वीस वर्षं लागली.

आपली चूक अशी होते की जे समजत नाही ते देवाच्या खात्यावर टाकतो. मोठमोठ्यांची झाली आहे. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हळूहळू बिघडतील आणि देवाला कधीतरी त्या नीट कराव्या लागतील, असं खुद्द न्यूटनला वाटत होतं. पुढे लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की गुरू आणि शनी यांच्या गतीतला जो फरक लोकांना काळजीत टाकत होता तो सुमारे नऊशे वर्षांच्या चक्रात जातो आणि येतो. झालं, देवाचं ते काम गेलं. अशी कामं देऊन देवाला मानलं, तर दर नव्या शोधाला तो थोडा लहान होणारच. त्यात विज्ञानाचा दोष नाही, कामं आपण दिली होती.

याची उलटी बाजूही तितकीच चुकीची. महास्फोटाच्या कल्पनेचा पाया घालणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीला आधार सापडल्यासारखं भाषण केलं, तेव्हा लमेत्रलाच ते रुचलं नाही. त्याचं समीकरण त्याच्या श्रद्धेचा पुरावा नव्हतं आणि तसं कोणी वापरावं हे त्याला नको होतं. आपल्याकडे प्रत्येक शोध पुराणात आधीच होता म्हणून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उद्या तो सिद्धांत बदलला तर काय, देवही बदलणार?

आता माझं सांगते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला. घरातल्यांना हायसं वाटलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. त्याच्या रक्ताची जांभळ्या झाकणाची ट्यूब आमच्याच लॅबमध्ये आली. मशीनने प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, अठरा हजार दाखवल्या. मशीनचा एवढा कमी आकडा स्लाइडवर तपासूनच द्यायचा असतो. सोबतची म्हणाली, तू नको, मी बघते. मी ऐकलं नाही. काचेवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर ओढला, लीशमन नावाच्या रंगाने रंगवला, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरला. एका फील्डला, म्हणजे लेन्सखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात, पंधरा-वीस प्लेटलेट दिसायला हव्यात, तिथे एखाद-दुसरी. पुढचं फील्ड, पुन्हा एक. त्यापुढचं, एकही नाही. मशीन बरोबर होतं. काय चाललंय, का चाललंय, उद्या काय होऊ शकतं, सगळं मला ठाऊक होतं. तरी मायक्रोस्कोपवर डोकं टेकून मी हात जोडले, आणि हो, मागितलंही.

सातव्या दिवशी बेचाळीस हजार, मग नव्वद. सासूबाई म्हणाल्या, नवस फळला, आणि कोपिनेश्वराला अभिषेक करून आल्या. मला कारण माहीत होतं: वेळेवर सलाईन, रक्त किती दाट झालंय हे सांगणारा, डॉक्टरांनी दर काही तासांनी बघितलेला हिमॅटोक्रिट, आणि विषाणूचा जोर ओसरल्यावर मुलाच्या हाडांतल्या मज्जेने प्लेटलेट बनवायला पुन्हा धरलेला वेग. तरी मी सासूबाईंना काही बोलले नाही. बरं वाटत होतं.

शेजारच्या खाटेवर सात वर्षांची मुलगी होती. तोच ताप. तिच्या आईच्या मनगटाला गंडा होता, उशाखाली अंगारा होता. तिनेही नवस बोलला होता, माझ्यासमोर. ती पोर गेली.

माझ्या श्रद्धेला धक्का बसला तो इथे. उत्क्रांतीने किंवा महास्फोटाने कधीच बसला नव्हता. देवाने माझ्या मुलाला वाचवलं असं मी म्हटलं, तर तिच्या आईला देवाने नाही म्हटलं असंही मला म्हणावं लागेल. ते माझ्या तोंडून निघत नाही, आजही नाही. म्हणून त्यानंतर मी देवाकडे काही मागितलेलं नाही.

मग दिवा कशासाठी, असं तू विचारशील. मुलगा घरी आला त्या रात्री तो झोपलेला असताना त्याचा श्वास ऐकत बसले होते. आभार दाटून आले होते. डॉक्टरांचे मानले होते, नर्सचे मानले होते, तरी ते संपत नव्हते. मुळात काही असावं, त्यात हा पोरगा असावा, आणि तो आहे हे मला कळावं, याचे आभार कोणाचे मानायचे? प्लेटलेट कशा तयार होतात हे विज्ञान सांगतं आणि ते खरं आहे. या प्रश्नाला पत्ता ते देत नाही. मी ज्याला देव म्हणते तो त्या पत्त्यावर आहे. ही मेंदूची गरज असेल, असं तू म्हणशील. असेलही. माझ्याकडे पुरावा नाही आणि तो असल्याचा आव मला आणायचा नाही. फक्त हे मानताना मला लॅबमधलं एकही सत्य झाकावं लागत नाही, एवढं नक्की सांगते.

तेव्हा आरतीत नेमकं काय खोटं वाटतं ते शोध. बाप्पा पेपर सोपा काढेल हे खोटं वाटत असेल, तर ते सुटू दे, आजीसारखं. घरच्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणं खोटं वाटत नसेल, तर टाळ खाली ठेवायची घाई करू नकोस. आणि सगळंच खोटं वाटत असेल तर घरी तसं सरळ सांग, आवाज न चढवता.

माझा मुलगा आता तुझ्याच वयाचा आहे. तो हात जोडत नाही. विसर्जनाला मात्र मूर्ती तोच उचलतो, घरापासून महापालिकेच्या कृत्रिम तलावापर्यंत, वाटेत कोणाच्या हाती देत नाही. का, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.