प्रकाशाने मेंदूच्या पेशी चालवणारी लवचीक चिप पार्किन्सनसाठी कधी मिळेल? तोवर वडिलांचं ऑपरेशन थांबवावं का?

थेट सांगतो: त्या चिपसाठी थांबू नका.

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, हुपरीत चांदीकामात आयुष्य गेलं आणि आता पार्किन्सनने हात थरथरतो. लेव्होडोपाच्या गोळीने काही तास बरे जातात, मग अंग जखडतं. पुण्याच्या डॉक्टरांनी डीबीएस, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तार घालून विजेचे स्पंद देण्याचं ऑपरेशन सुचवलंय. नेमक्या त्याच वेळी प्रकाशाच्या चिपची बातमी आली आणि घरात दोन मतं झाली. मी डॉक्टर नाही. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर काम केलं आणि आता कोल्हापुरातच पदार्थविज्ञान शिकवतो. या चिपा ज्या तंत्राने बनतात ते माझ्या जवळचं आहे, म्हणून लिहितोय.

बातम्यांमध्ये बहुतेक वेळा मुख्य गोष्टच मागे राहते. आपल्या मेंदूच्या पेशींना प्रकाश कळत नाही. शेजारी दिवा लावला तरी त्या ढिम्म राहतात. आधी त्यांच्यात एक परकं प्रथिन तयार व्हावं लागतं, आणि ते येतं क्लॅमिडोमोनस नावाच्या एकपेशीय हिरव्या शैवालातून. गोड्या पाण्यात, ओल्या मातीत राहणारं हे शैवाल उजेडाचा अंदाज घेत पोहतं. उजेड ओळखायला त्याच्याकडे चॅनेलरोडॉप्सिन असतं. निळा प्रकाश पडला की या प्रथिनातली वाट उघडते आणि धनभारित आयन पेशीत शिरतात. पेटर हेगेमान, गेओर्ग नागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२-०३ च्या सुमारास हे उलगडलं. २००५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये कार्ल डायसरॉथ आणि एड बॉयडेन यांच्या गटाने त्याचं जनुक चेतापेशींत घातलं आणि प्रकाशाच्या प्रत्येक स्पंदाला पेशी मिलिसेकंदांच्या अचूकतेने उत्तर देते, हे दाखवलं. ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात ते हेच.

हे जनुक पेशींपर्यंत पोचवायला रोग न करणारा एक विषाणू वापरतात. म्हणजे चिप हा उपचाराचा अर्धाच भाग झाला, उरलेला अर्धा म्हणजे मेंदूतला जनुकीय उपचार. डीबीएसचं यंत्र बंद करता येतं, गरज पडली तर काढताही येतं. पेशींत गेलेलं जनुक परत काढता येत नाही. माणसाच्या बाबतीत सगळे इतके जपून पावलं टाकतात ते यामुळे, आणि ते योग्यच आहे.

मग शास्त्रज्ञ या मागे का लागलेत? वीज आजूबाजूच्या सगळ्यांनाच लागते. डीबीएसचा प्रवाह शेजारच्या तंतूंपर्यंत पसरला तर कधी बोलणं अडखळतं, कधी स्नायू आखडतात, मग डॉक्टर सेटिंग बदलतात. प्रकाश मात्र ज्या पेशींत ते प्रथिन आहे त्यांनाच लागतो, बाकीच्या कोट्यवधी शांत राहतात. एवढी निवड विजेला जमत नाही.

आता लवचीकपणाकडे येतो. मेंदू अतिशय मऊ असतो आणि प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक श्वासाला किंचित हलतो. त्यात सिलिकॉनची किंवा काचेची ताठ काडी रोवली की ती सतत घासत राहते, भोवती व्रणाची भिंत तयार होते आणि काही काळाने काडी आणि पेशी यांच्यात अंतर पडतं. यावर उपाय आमच्या विषयातला आहे. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनात बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठ पटींनी कमी होतो. म्हणून काचेसारखं तडकणारं सिलिकॉनसुद्धा पुरेसं पातळ केलं की वाकतं. जॉन रॉजर्स आणि मायकेल ब्रूकस यांच्या गटांनी २०१३ मध्ये याच जोरावर ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बाजूचे, सुमारे साडेसहा मायक्रॉन जाडीचे एलईडी लवचीक पट्टीवर बसवून उंदराच्या मेंदूत सोडले. आता इतकी मऊ पट्टी आत शिरणार कशी? त्यांनी ती रेशमाच्या प्रथिनाने एका बारीक सुईला चिकटवली. मेंदूतल्या द्रवात रेशीम विरघळलं, सुई बाहेर काढली, पट्टी आत राहिली. हे वाचलं तेव्हा मी वर्गात धडा बाजूला ठेवून मुलांना तेवढंच सांगितलं होतं.

दुसरी पद्धत तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगली समजेल. चांदीची कांब छिद्रांच्या पट्टीतून ओढत ओढत केसासारखी तार करतात ना? एमआयटीत पोलिना अनिकीवा यांचा गट पॉलिमरची जाड कांब तापवून तशीच ओढतो, फक्त छिद्रांची पट्टी नसते. कांबेत प्रकाश नेणारा गाभा, वीज वाहणारा पट्टा आणि औषधाची नळी आधीच घडवलेली असते. ओढल्यावर ही सगळी रचना तशीच राहते, फक्त बारीक होते.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या २०२५ च्या कामाची असावी. तिथे लवचीक पट्टीवर ६४ पर्यंत सूक्ष्म एलईडी आहेत. ती टाळूच्या कातडीखाली, कवटीच्या वर बसते आणि तांबडा प्रकाश हाडातून आत पाठवते. कुठले दिवे कुठल्या क्रमाने लागले यावरून काय करायचं हे उंदीर शिकले. काम खरोखर सुंदर आहे. पण उंदराची कवटी एक मिलिमीटरही जाड नसते, माणसाची कित्येक मिलिमीटर असते. आणि तो प्रकाश पोचतो मेंदूच्या वरच्या थरात. पार्किन्सनमध्ये तार बहुतेकदा सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये घालतात, तो भाग कित्येक सेंटिमीटर आत आहे. शिवाय एलईडी तापतो, आणि मेंदूला एखाद्या अंशाची वाढही त्रासाची ठरू शकते. पट्टीत ओल शिरू न देणं हे तर माझ्या मते सगळ्यात कठीण. उंदीर दोनेक वर्षं जगतो. तुमच्या वडिलांना पंधरा-वीस वर्षं टिकणारं काहीतरी हवं आहे.

माणसांत ऑप्टोजेनेटिक्सचं ठळक यश आजवर डोळ्यात मिळालंय. २०२१ मध्ये रेटिनायटिस पिगमेंटोझा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या गृहस्थांना डोळ्यात जनुक दिल्यावर, खास चष्मा लावून समोरच्या वस्तू ओळखता, मोजता आल्या. तिथेही आत चिप नव्हती, प्रकाश चष्म्यातून येत होता. मेंदूच्या आजारासाठी अशी प्रकाशाची चिप बसवायला आज मान्यता नाही.

तरीही या संशोधनाचा उपयोग तुमच्या वडिलांसारख्यांना आधी होईल असं मला वाटतं, आणि तो विजेच्याच वाटेने. २००९ मध्ये डायसरॉथ यांच्या गटाने पार्किन्सनसारखी लक्षणं असलेल्या उंदरांत प्रकाशाने एकेक प्रकारची पेशी तपासली. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधल्या पेशी दाबून फरक पडला नाही, तिथे वरून येणारे तंतू चेतवल्यावर हालचाल सुधारली. २०२१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲरिन गिटिस यांच्या गटाने प्रकाशाकडून शिकलेली गोष्ट विजेला लावली. सलग स्पंदांऐवजी थोडे थोडे झटके दिले, तेव्हा उंदरांत यंत्र बंद केल्यावरही आराम टिकून राहिला. हे माणसांत सिद्ध झालं तर नवी चिप लागणार नाही, बसवलेल्या यंत्राचं सेटिंग बदलण्याचा प्रश्न असेल. म्हणजे डीबीएस करून घेतल्याने प्रगतीची गाडी चुकते, ही घरातली भीती मला पटत नाही.

गाडी चुकू शकते ती उलट बाजूने. गोळीने अजून चांगला फरक पडतोय आणि स्मरणशक्ती शाबूत आहे, अशा रुग्णांना डीबीएसचा लाभ जास्त होतो. विसर वाढला, भ्रम होऊ लागले की डॉक्टर सहसा हे ऑपरेशन टाळतात. हेही माहीत असू द्या की डीबीएस आजार थांबवत नाही. कंप, जखडणं आणि गोळीचे चढउतार कमी होतात. गोळी घेऊनही तोल जात असेल तर तो सहसा सुधारत नाही.

पुढच्या भेटीला जाताना वडिलांचे दोन व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा: एक गोळीचा असर असताना चालतानाचा, एक असर उतरल्यावरचा. आठवडाभर गोळीची वेळ आणि अंग जखडण्याची वेळ वहीत लिहून ठेवा. स्मृतीची चाचणी झाली आहे का ते विचारा. डीबीएसची बॅटरी छातीत कातडीखाली बसवतात; ती चार्ज होणारी घ्यायची की न होणारी, हेही विचारा, कारण न होणारी काही वर्षांनी छातीतून काढून बदलावी लागते. आणि सेटिंगसाठी पहिल्या काही महिन्यांत कोल्हापूर-पुणे फेऱ्या होणार आहेत, तेव्हा सोबत कोण जाणार हे भावंडांनी आधीच ठरवून घ्या.