वाचक विचारतात : जुन्या अमेरिकेचे कागद

गेल्या अंकात अमेरिका स्वतंत्र होतानाच्या पत्रांवर चार ओळी काय लिहिल्या, जळगाव-धुळे-नंदुरबारकडून प्रश्नांची रांगच लागली. बऱ्याच घरांत कोणी ना कोणी जुनी ट्रंक उघडून बसलेलं दिसतंय, म्हणून प्रश्न नुसते पुस्तकी नाहीत. जागा थोडी आहे, निवडक घेतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो, दर ४ जुलैला फटाक्यांचे व्हिडिओ पाठवतो. आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की त्या दिवशी ५६ जणांनी एकत्र बसून स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. खरं आहे का? (निवृत्त मुख्याध्यापक, अमळनेर)

सर, आकडा बरोबर आहे पण दिवस साफ चुकलाय. स्वतंत्र व्हायचं हे फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने (इंग्लंडच्या तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, आपल्या काँग्रेसशी काही संबंध नाही) ठरवलं ते २ जुलै १७७६ ला. दुसऱ्याच दिवशी तिथल्याच एका प्रतिनिधीने, जॉन अॅडम्सने, बायकोला पत्र टाकलं, की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मोठा सण म्हणून पाळतील, मिरवणुका निघतील, खेळ होतील, तोफा वाजतील, घंटा वाजतील, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोषणाई होईल. बिचाऱ्याने सगळं बरोबर ओळखलं, तारीख तेवढी हुकली.

४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. त्याच रात्री जॉन डनलॅप नावाच्या छापखानेवाल्याने तो छापायला घेतला, साधारण २०० प्रती काढल्या असतील असं मानतात, त्यातल्या २६ आज माहीत आहेत. आता गंमत अशी की त्या छापील प्रतीवर ५६ नावं शोधत बसाल तर सापडायची नाहीत, खाली दोनच नावं आहेत, अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सेक्रेटरी चार्ल्स थॉमसन. न्यूयॉर्कची तर संमतीच ९ जुलैला आली. मग १९ तारखेला ठराव झाला की हे सगळं चर्मपत्रावर नीट अक्षरात लिहून काढा आणि सह्या घ्या, त्या बहुतेकांनी २ ऑगस्टला केल्या, काहींनी त्याच्याही नंतर. सह्या करणाऱ्यांची नावं छापून लोकांपुढे आली ती थेट जानेवारी १७७७ मध्ये, काँग्रेसच्या हुकमावरून, बाल्टिमोरच्या मेरी कॅथरिन गॉडर्ड या बाईंच्या छापखान्यातून. राजाविरुद्ध बंड म्हणजे गळ्याला फास, हे सही करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यात छापणाऱ्या बाईंनी कागदाखाली स्वतःचं पूर्ण नावही घातलंय. मला तर ५६ सह्यांपेक्षा हे नाव जास्त धीट वाटतं.

आणि हो, १९८९ च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या बाजारात एकाने फ्रेम आवडली म्हणून ४ डॉलरला जुनं चित्र घेतलं, मागे घडी घालून काय ठेवलेलं, तर डनलॅपची प्रत. १९९१ च्या लिलावात २४ लाख डॉलरच्या वर गेली. तेव्हा भंगारवाल्याला जुनी फ्रेम देताना मागचा पुठ्ठा एकदा काढून बघाच.

प्रश्न : आम्ही तहसीलबाहेर स्टॅम्प विकायला बसतो, भाव सरकार वाढवतं आणि लोक चिडतात आमच्यावर. अमेरिकेत म्हणे स्टॅम्पवरूनच सगळं पेटलं? (मुद्रांक विक्रेते, शिरपूर)

भाऊ, तुमच्यावर नुसते चिडतात, बोस्टनला स्टॅम्प वाटायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा तर पुतळा करून झाडाला टांगला होता. १४ ऑगस्ट १७६५. त्याने तोवर एक स्टॅम्प विकलेला नव्हता बरं का, इंग्लंडच्या पार्लमेंटचा स्टॅम्पचा कायदा लागू व्हायचा होता १ नोव्हेंबरपासून, नुसतं नाव जाहीर झालेलं. संध्याकाळी जमावाने त्याचं ऑफिस असल्याच्या संशयावरून एक इमारत पाडली, मग घरात घुसले, आणि पठ्ठ्याने घाबरून राजीनामा कबूल केला. एवढ्याने भागलं नाही, डिसेंबरात त्याला परत त्याच झाडाखाली चारचौघांत उभं करून राजीनामा वदवून घेतला.

स्टॅम्प लागणार कशाकशाला होता तर कोर्टाचे कागद, दस्त, लायसन, वर्तमानपत्रं, पंचांगं, डिग्रीची सर्टिफिकेटं, इतकंच काय पत्त्यांच्या एका जोडाला १ शिलिंग आणि फाशांना १० शिलिंग. शिक्का मारलेला कागद लंडनहून येणार, पैसे इंग्लंडच्या चलनात मोजायचे, वसाहतींच्या कागदी नोटा चालणार नाहीत, आणि खटला झाला तर तो ज्यूरी नसलेल्या आरमारी कोर्टातही चालवता येणार. इंग्लंडात स्वतः लोक १६९४ पासून स्टॅम्प भरत होते, म्हणून लंडनवाल्यांना कळेचना की हे एवढे का तापलेत. रक्कम हा मुद्दाच नव्हता हो. ज्या पार्लमेंटात आमचा एक माणूस नाही तिने आमच्या खिशात हात घालायचा कसा, हे दुखणं होतं. एकामागून एक विक्रेत्यांनी राजीनामे दिले, कागद वाटायला माणूसच उरेना, शेवटी मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला. मात्र त्याच वेळी दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींसाठी वाट्टेल तो कायदा करायचा हक्क आम्हाला आहेच, म्हणजे भांडण मिटलं नाहीच.

प्रश्न : वॉशिंग्टनच्या काळातली पत्रं वाचतोय. शत्रूला लिहितानाही शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'. हे टोमणे आहेत की खरंच इतके सभ्य होते? (एम.ए. इतिहास, जळगाव)

टोमणा नाही, रिवाज. आपल्या आजोबांच्या पत्रांत सगळ्यांनाच 'रा. रा.' लिहिलेलं असतं, म्हणून सगळे काही राजमान्य नव्हते. पण रिवाज म्हणून सोडून देऊ नका, कारण त्या मायन्यावरूनच एकदा तह बोलणी अडली.

जुलै १७७६. ब्रिटिश आरमार न्यूयॉर्कच्या तोंडाशी येऊन थांबलेलं, अॅडमिरल हाऊ आणि त्याचा भाऊ जनरल हाऊ यांच्याकडे लढायचे आणि समझोत्याचे असे दोन्ही अधिकार. १४ तारखेला पांढरं निशाण लावून एक नाव आली, नावेत लेफ्टनंट, त्याच्या हातात पत्र, वर पत्ता 'जॉर्ज वॉशिंग्टन, एस्क्वायर'. एस्क्वायर म्हणजे कोणीही बरा गृहस्थ, श्रीयुत म्हणा. अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनचा अधिकारी जोसेफ रीड म्हणाला, आमच्या सैन्यात या पत्त्याचा माणूस नाही. लेफ्टनंट गयावया करतोय, की मग काय लिहू ते सांगा, रीड म्हणतो तुम्हाला त्यांचा हुद्दा चांगला माहीत आहे. पत्र परत. कारण 'जनरल' लिहिलं की समोरचं सैन्य हे सैन्य ठरतं आणि नाही लिहिलं की बंडखोरांचं टोळकं, आणि हाऊला बंडखोरांशी बोलायचं होतं, सैन्याशी नव्हे.

२० तारखेला हाऊकडून कर्नल पॅटरसन आला. आता पत्त्यात नावापुढे 'इत्यादी इत्यादी' जोडलेलं! तो समजावतोय की साहेब, या इत्यादीत सगळंच आलं. वॉशिंग्टन म्हणाला, हो, सगळं येतं, आणि काहीही येतं. पत्र घेतलंच नाही. भेट मात्र नीट सन्मानाने झाली, खायला-प्यायला विचारलं, निरोप दिला. हट्ट वाटेल कोणाला, पण ज्याच्यामागे अजून धड देश नाही त्याने हुद्द्यावर अडून बसणं मला तरी त्या महिन्यातली सगळ्यात पक्की चाल वाटते.

आता याच्यापुढे १७ ऑक्टोबर १७८१ चं पत्र ठेवून बघा. यॉर्कटाऊनला कोंडीत सापडलेला ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस लिहितो, २४ तास लढाई थांबवू, दोन्हीकडचे दोन-दोन अधिकारी मूर यांच्या घरी भेटून शरणागतीच्या अटी ठरवू. फापटपसारा नाही, एका दमात वाचून होतं. वॉशिंग्टनचं उत्तरही तितकंच सभ्य, पण २४ तास नाही, दोन तास, तेवढ्यात अटी लिहून पाठवा. १९ तारखेला शस्त्रं खाली ठेवली, कॉर्नवॉलिस तब्येतीचं कारण सांगून आलाच नाही, खालच्या अधिकाऱ्याला पुढे केलं. हाच गृहस्थ १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, १७९२ ला टिपूशी तह केला (मराठे आणि निजाम तेव्हा त्याच्या बाजूने), १७९३ ला बंगालात कायमधारा लावला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला वारला. तिकडे हरलेला म्हणून इकडे शिक्षेवर पाठवला असं काही नव्हतं, उलट बढतीच म्हणायची.

प्रश्न : सासऱ्यांच्या ट्रंकेत जुने कागद निघाले. काहींची शाई तपकिरी पडून अक्षराच्या जागी भोकं पडलीत. अमेरिकेतल्या जुन्या पत्रांचंही असंच होतं असं वाचलं. लॅमिनेशन करून घेऊ का? (गृहिणी, नंदुरबार)

ताई, लॅमिनेशन अजिबात नको! सेलोटेपही नको. आधी शाईचं सांगतो. बाळगुटीत उगाळतो ना आपण मायफळ, ती ओकच्या झाडाला बारीक माशीने अंडी घातल्यावर येणारी गाठ असते. मायफळाचा काढा, त्यात हिराकस (लोखंडाचा क्षार), थोडा डिंक, ही झाली युरोप-अमेरिकेतली तेव्हाची नेहमीची शाई. लिहिताना फिकी, हवा लागली की काळी, आणि शंभर-दोनशे वर्षांनी तपकिरी. आंबट असते, म्हणून जिथे टाक जोरात दाबलाय तिथे कागद खाऊन टाकते. आपली जुनी काजळाची शाई असं करत नाही, त्यामुळे कित्येक मोडी कागद अजून काळेभोर दिसतात. तुमच्या भोकं पडलेल्या कागदांवर बहुतेक इंग्रजी अमदानीतली हिराकसाची शाई असणार.

कागद मात्र तेव्हाचा दणकट, कारण जुन्या सुती-तागाच्या चिंध्यांचा लगदा. अमेरिकेत युद्धाच्या काळात चिंध्या मिळेनात म्हणून बायकांनी फाटकं कापड जपून ठेवावं अशा जाहिराती निघत. तेव्हा १७७६ चं पत्र तुमच्या घरातल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या पेपरापेक्षा धडधाकट असू शकतं. खरा वैरी उजेड. तो चर्मपत्रावरचा जाहीरनामा १८४१ पासून पस्तीस वर्षं एका सरकारी इमारतीत उजेडासमोर टांगून ठेवला, आज सह्या डोळे ताणून बघाव्या लागतात. म्हणून ओरिजिनल फ्रेम करून हॉलमध्ये लावू नका, आपल्याकडचं ऊन माहीत आहे ना. घड्या उलगडून सपाट ठेवा, फोटो काढा आणि फोटोची प्रिंट लावा. मोडी असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दाखवा, १९२७ पासून ते याच कामात आहेत.

प्रश्न : त्या पत्रांना पाकीट का नसतं? (टपाल खात्यातले, भुसावळ)

पैसे वाचवायला. टपाल कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर, पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे दुप्पट. म्हणून पत्रच घडी घालून लाखेने बंद, वर पत्ता. बहुतेक वेळा पैसे घेणाऱ्याने भरायचे. १७९२ च्या कायद्यात एका कागदाला जवळच्या ३० मैलांना ६ सेंट, ४५० मैलांपुढे २५ सेंट, आणि वर्तमानपत्राला फक्त १ ते दीड सेंट. बातमी स्वस्त, खासगी गोष्ट महाग.

प्रश्न : वॉशिंग्टनचा जन्म कुठे ११ फेब्रुवारी १७३१, कुठे २२ फेब्रुवारी १७३२. छपाईची चूक? (विद्यार्थिनी, चोपडा)

नाही गं, दोन्ही बरोबर. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ उजाडला, आणि वर्ष आधी २५ मार्चला बदलायचं ते १ जानेवारीला आलं. जुन्या हिशोबात फेब्रुवारी मागच्या वर्षात पडतो. १७५२ च्या आधीचा जानेवारी ते मार्चमधला कागद हातात आला की वर्ष दोनदा तपासायचं.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठे होत्या? (शिक्षिका, शहादा)

घर, शेती, उधारी, मुलं सांभाळत आणि पत्रं लिहीत होत्या. जॉन आणि अॅबिगेल अॅडम्सची एकमेकांना लिहिलेली हजाराच्या वर पत्रं टिकली आहेत. त्यातलं ३१ मार्च १७७६ चं सगळे सांगतात, नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती बेसुमार सत्ता देऊ नका, नाहीतर आम्हीही बंड करू. जॉनने १४ एप्रिलला काय उत्तर द्यावं, तुझा कायदा वाचून मला हसूच आलं. पण अॅबिगेलच्या त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत त्या कोणी सांगत नाही. एक, बोस्टनचं घर ब्रिटिश पलटणीचा डॉक्टर वापरून गेला, ते फार घाण झालंय पण मोडतोड नाही, असा रोखठोक हिशोब. दुसरं, गुलाम बाळगणाऱ्या व्हर्जिनियावाल्यांबद्दल शंका, की ज्यांना दुसऱ्या माणसांचं स्वातंत्र्य हिरावून घ्यायची सवय आहे त्यांना स्वातंत्र्याची ओढ तितकी असेल का. ही ओळ मला पहिल्या मागणीपेक्षा जास्त बोचते. आणि मार्था वॉशिंग्टनने उलट केलं, नवऱ्याबरोबरची जवळजवळ सगळी पत्रं जाळली, मोजकी राहिली. तिचा हक्क होता, आपण हळहळण्यापलीकडे काय करणार.

प्रश्न : आमच्या खरेदीखतात खाडाखोड झाली की शेवटी नोंद करून सह्या घेतो. त्यांच्या राज्यघटनेत कोणी काही खोडलंच नसेल? (दस्तलेखक, चाळीसगाव)

अप्पा, खोडलंय की, आणि तुमच्यासारखीच नोंद केलीय. १७८७ ची घटना चार मोठ्या चर्मपत्रांवर जेकब शॅलसने लिहून काढली, मजुरी ३० डॉलर. शेवटच्या पानावर सह्यांच्या डावीकडे बारीक अक्षरात लिहिलंय, की पहिल्या पानाच्या सातव्या-आठव्या ओळींच्या मध्ये एक शब्द घुसवलाय, पंधराव्या ओळीत 'तीस' हा शब्द थोडा खोडलेल्या जागेवर लिहिलाय, बत्तीस-तेहतीसच्या मध्ये दोन शब्द वर चढवलेत, आणि दुसऱ्या पानावर त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या मध्ये परत एक. सह्यांच्या यादीत पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमधला एक 'एन' गळलाय, त्याची मात्र नोंद नाही. ३९ जणांनी त्याच्यावर सह्या केल्या.