मेलेला चतुर: पिवळा म्हणजे मादी, असं नाही

ऑक्टोबरात पुण्यात बाल्कनीत एक चतुर मेलेला सापडला, लांबी साधारण साडेचार सेंटिमीटर, अंग पिवळट-तपकिरी, पंख स्वच्छ पारदर्शक; तो कोणत्या जातीचा आणि नर की मादी, असा प्रश्न आला आहे. या वर्णनावरून पहिला अंदाज पँटाला फ्लॅव्हेसेन्स या जातीचा. पावसाळा सरताना मैदानांवर, गच्च्यांवर थव्याने घिरट्या घालतो तोच हा चतुर.

पण रंगावर विसंबू नका. मेल्यावर पोटातला ऐवज कुजतो आणि एक-दोन दिवसांत पिवळा रंग मळकट तपकिरी होतो. पंखांच्या शिरा मात्र तशाच राहतात, म्हणून आधी पंख पाहा. मागच्या पंखाची लांबी मोजा: पँटालात ती ३८ ते ४१ मिलिमीटर भरते आणि पंख बुडाशी चांगलाच रुंद असतो. पंखाच्या टोकाजवळचा रंगीत ठिपका पुढच्या पंखावर लांब, मागच्यावर आखूड असतो. ही खूण जुन्या, रंग गेलेल्या नमुन्यातही कामाला येते. मागच्या पंखाच्या बुडाशी गडद डाग असेल, तर तो ट्रॅमिया हा दुसरा चतुर असण्याची शक्यता जास्त. रंग शिल्लक असेल तर उदराच्या (शेपटासारख्या लांब पोटाच्या) ८, ९, १० या खंडांवर वरून काळे ठिपके दिसतील. खंड शेपटाच्या टोकाकडून मोजा, कारण पहिला खंड आखूड असतो आणि पुढून मोजताना हमखास चुकतो. टोकाला असलेले काडीसारखे बारीक अवयव (काड्या) खंडात धरायचे नाहीत.

आता नर की मादी. 'पिवळी म्हणजे मादी' हा सर्रास होणारा घोळ आहे. लाल किंवा निळसर होणाऱ्या कित्येक जातींचे कोवळे नरही पिवळेच असतात. शेपटाचा वरून काढलेला फोटोही फसवतो, कारण वरून दोघांच्याही दोन काड्याच दिसतात. नराची तिसरी काडी त्या दोन काड्यांच्या खाली, मधोमध असते. सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे उदराचा दुसरा खंड, खालच्या बाजूने. तिथे हुकासारख्या आकड्यांसह स्पष्ट उंचवटा दिसला तर नर. बाजूने पाहिलं तरी तो साध्या डोळ्यांना कळतो, दहापट भिंगाने तर शंकाच उरत नाही. ती जागा सपाट असेल तर मादी. मग आठव्या खंडाखाली अंडी घालण्याच्या जागेची झडप शोधा.

पंख खाली मिटून दुसऱ्या खंडाची जागा झाकली गेली असेल तर पंख ओढू नका, बुडाशी तुटतात. झाकणाच्या डबीत ओला टिपकागद ठेवा, चतुर त्याला टेकू न देता वर ठेवा, एक दिवसाने सांधे सैल होतात. फार दिवस ठेवलात तर बुरशी धरते. उचलताना छातीला धरा. मान फारच नाजूक असते, डोकं सहज गळून पडतं.

ॲसिटोनमध्ये बुडवून रंग टिकवायचा उपाय नुकत्याच मेलेल्या नमुन्यालाच लागू पडतो, तपकिरी झालेला रंग त्याने परत येत नाही. त्यामुळे हा नमुना नीट वाळवा, पंख पाठीवर मिटून बटर पेपरच्या तिकोनी पाकिटात ठेवा, पाकिटावर तारीख आणि ठिकाण लिहा. डबीत डांबराची गोळी टाका, नाहीतर मुंग्या पोट पोखरतात.

दुसऱ्या खंडाचा बाजूने एक आणि पसरलेल्या पंखांचा पट्टीसकट एक, असे दोन फोटो टाकलेत तर जात आणि लिंग दोन्ही नक्की सांगता येईल.