भरती झालेल्या पुतण्यास

बाळा, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात दाखल झाल्यावर आधी पाय सांभाळायला शीक. घामाने भिजलेले मोजे न बदलता मी सकाळची दौड पुरी केली आणि टाचेवरचा फोड फुटून आठवडाभर लंगडलो. आमच्या काळी खानापूरहून निघालेले आंतर्देशीय पत्र चौकीवर पोहोचेपर्यंत घरच्या गणपतीचे विसर्जनही उरकलेले असे. तुझ्या हाती मोबाइल असेल, पण तैनातीचे ठिकाण आईलाही सांगू नकोस. आम्हांला पंधरा वर्षांनंतर पेन्शनची खात्री होती (हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो), तर २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत सेवा ४ वर्षांची असून पुढे कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के, म्हणून तिथे वाहन चालवण्यापासून वायरलेसपर्यंत जे कसब मिळेल ते शिकून घे.