‘जरी’पाठोपाठ ‘तरी’ नको

तुम्ही तपासायला दिलेल्या इंग्रजी उताऱ्यात ‘ऑलदो द बस वॉज लेट, बट आय रीच्ड इन टाइम’ असे वाक्य आहे. वऱ्हाडातल्या आमच्या खेड्यात शिकताना मीही हीच चूक कितीतरी वर्षे केली, कारण ‘एसटी जरी उशिरा आली, तरी मी वेळेवर पोहोचलो’ ही मराठी जोडी जिभेवर पक्की बसलेली असते. इंग्रजीत मात्र दोन उपवाक्ये जोडायला एकच अव्यय पुरते. म्हणून ‘ऑलदो’ ठेवायचे असेल तर ‘बट’ काढावे, किंवा उलट करावे. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचेही तेच. ‘डिस्पाइट’पुढे पूर्ण उपवाक्य येत नाही, ‘डिस्पाइट द डिले’ (उशीर होऊनही) असे नाम येते. ‘मोरओव्हर’ (म्हणजे ‘शिवाय’) यासारखे भारदस्त शब्द (आपल्याला त्यांचा मोह फार!) तूर्त बाजूला ठेवावेत.