‘पराग’ नव्हे, बीजुक!

सेमिनरी हिल्सवर कुजक्या ओंडक्यावर तपकिरी केसांच्या झुबक्यासारखं काही उगवलंय, बोट लावताच धूळ उडते. तिला ‘बुरशीचे परागकण’ म्हणावं का, असं नागपूरच्याच एका वाचकाने विचारलंय.

मुळीच नाही. उडताना दिसली की प्रत्येक भुकटीला ‘पराग’ म्हणायची खोड आता फार झाली. पराग फुलाचा असतो आणि त्याला बीजांड गाठावं लागतं. इथे उडतात ती बीजुके, म्हणजे ज्यांतून थेट नवा जीव निघतो असे सूक्ष्म कण. बीजुक पाण्यात फुटलं की आतून थेट हलती-फिरती पेशी बाहेर येते. संस्कृतात पराग म्हणजे कुठलीही धूळ, असा दाखला देणारे पंडित भेटतात. तो आजच्या मराठीला लागू नाही. रस्त्यावरच्या धुळीला पराग कोण म्हणतं? आणि ही बुरशीही नव्हे. हा श्लेष्मकवक (स्लाइम मोल्ड): नावात ‘कवक’ म्हणजे बुरशी असली, तरी बीजुके धरण्याआधी सरपटत जिवाणू गिळणारा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ द बारी यांनी 1859 मध्येच त्याला ‘कवकप्राणी’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं.

वर्णनावरून हा श्लेष्मकवकांतला स्टेमोनायटिस दिसतो, आणि खरी गंमत या नावात आहे. ग्रीक ‘स्टेमोन’ म्हणजे मागावरचा ताणा. पुंकेसराचं ‘स्टेमेन’ हे लॅटिन नावही मुळात ताण्याचंच. या शब्दांचा मूळ धातू आपल्या संस्कृत ‘स्था’चा (उभं राहणे) सख्खा भाऊ, ज्यातून स्थान आणि ठाणं आलं. ग्रीकांचा माग उभा, म्हणून ताणा म्हणजे ‘उभा राहिलेला’ धागा. नागपुरी कोष्ट्यांच्या मागावर तो आडवा पसरतो, तरी साडीच्या लांबीतल्या धाग्याला आपण ‘उभा’च म्हणतो!

सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: काळा देठ बीजुककोशात (बीजुकांच्या पिशवीत) शिरून मधोमध वर चढतो, त्याला बारीक फांद्या फुटतात आणि पृष्ठभागाशी त्या एकमेकींना जुळून जाळी होते. तिच्यात बीजुके ठासलेली. श्लेष्मकवकांची बीजुके बहुधा 8 ते 12 मायक्रोमीटरची, कवचावर कुठे खवले, कुठे काटे, कुठे जाळीदार नक्षी. या धाग्यांच्या जाळ्याला, म्हणजे ‘कॅपिलिशियम’ला, लॅटिन ‘केसा’वरून ‘केशजाल’ करणारे परिभाषाकार मला अजिबात पटत नाहीत. केस असे एकमेकांना जुळत नाहीत. ‘तंतुजाल’ म्हणा; माझा आग्रह तर ‘ताणाजाल’ असा आहे.

बीजुकाऐवजी ‘बीजाणू’ लिहिलंत तरी चालेल.