वाचकांचे प्रश्न : नव्या घराच्या छताला स्प्रिंकलर लावावेत का?

प्रश्न : फोंडा तालुक्यात आम्ही तळमजला आणि त्यावर एक मजला असे घर बांधत आहोत. वरचा स्लॅब पुढच्या महिन्यात पडेल. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या माझ्या धाकट्या भावाच्या घरात छताला आग विझवणारे स्प्रिंकलर आहेत व तिथे ते कायद्यानेच लावावे लागतात. हडफडे येथील नाईट क्लबच्या आगीपासून आम्हीही ते लावावेत, असा त्याचा आग्रह आहे. घरच्यांना मात्र धास्ती वाटते, की चवथीला आरतीच्या वेळी धुपाचा धूर झाला तरी सगळे फवारे एकदम सुटून गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीसकट घर भिजेल. आपले मत काय? गोव्यातही असा कायदा व्हावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चवथीची धास्ती आधी दूर करतो. स्प्रिंकलर धुराने सुटत नाही, उष्णतेने सुटतो. त्याच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची छोटी कुपी असते; नेहमीच्या लाल कुपीचे तापमान 68 अंश सेल्सियसपर्यंत चढले की ती फुटते आणि पाण्याची वाट मोकळी होते. प्रत्येक स्प्रिंकलरची कुपी वेगळी असल्यामुळे आगीच्या डोक्यावरचा तेवढा उघडतो आणि बाकीचे बंदच राहतात. सगळे फवारे एकदम सुटण्याचे दृश्य ही चित्रपटवाल्यांची देणगी आहे. देव्हाऱ्याच्या किंवा शेगडीच्या थेट वर तो बसवू नये, एवढे पथ्य पाळावे.

भावाचे म्हणणे खरे आहे. कॅलिफोर्नियात 2011 पासून नव्या घरांना, आणि वेल्समध्ये 2016 पासून नव्या घरांना व सदनिकांना ही सक्ती आहे. मात्र अमेरिकेच्या आदर्श निवासी संहितेच्या 2009 च्या आवृत्तीत हे कलम येऊनही बहुतेक राज्यांनी ते गाळले, कारण वाढीव खर्चाला बांधकाम व्यावसायिकांचा विरोध होता. आपल्याकडे 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर व त्याहून उंच इमारतींकडे काटेकोरपणे पाहते. तुमच्यासारख्या स्वतंत्र घराला स्प्रिंकलरची सक्ती नाही.

खरी अडचण पाण्याच्या दाबाची आहे. लहान घरासाठीचे अमेरिकी मानक दोन स्प्रिंकलर दहा मिनिटे चालतील इतके पाणी मागते, म्हणजे ढोबळ मानाने हजार लिटर. तेवढी टाकी आपल्याकडे घरोघरी गच्चीवर असतेच. परंतु स्प्रिंकलरच्या तोंडाशी किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे पाण्याची पातळी त्याच्यापासून पाच मीटर तरी उंच हवी, आणि पाइपमधील घर्षणात जाणारा दाब त्याहून वेगळा. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या छतापासून जेमतेम दोन मीटर उंच असते, त्यामुळे नेमक्या झोपण्याच्या खोल्यांत, जिथे संरक्षणाची गरज सर्वाधिक, पाणी नुसते ठिबकेल. म्हणून पंप हवा, आणि आग लागताच माणूस पहिल्यांदा मेन स्विच बंद करतो हे लक्षात घेऊन त्या पंपाला वेगळा वीजपुरवठा हवा. घरवापराचे पाणी टाकीच्या तळातून न घेता वरच्या बाजूने घ्यावे, म्हणजे खालचे हजार लिटर आगीसाठी आपोआप राखून राहतात. आपल्या दमट, खाऱ्या हवेत लोखंडी पाइप लवकर गंजतात. स्प्रिंकलरसाठी प्रमाणित असलेले सीपीव्हीसी पाइप घ्यावेत.

हे सारे नीट करण्याची तयारी असेल तर पाइपांच्या वाटा स्लॅब पडण्यापूर्वीच ठरवा. नंतर तोडफोड करून काम करणे महागात पडते. तयारी नसेल तर अर्धवट स्प्रिंकलर लावून निश्चिंत होण्यापेक्षा प्रत्येक झोपण्याच्या खोलीत आणि जिन्याजवळ धुराचा इशारा देणारी यंत्रे बसवा. खरे तर स्प्रिंकलर असले तरीही ती हवीतच, कारण झोपलेल्या माणसाला धूर आगीच्या आधी गाठतो.

कायद्याविषयी म्हणाल, तर प्रत्येक नव्या घराला सक्ती करण्याच्या मी विरुद्ध आहे. हडफड्यात डिसेंबर 2025 मध्ये 25 जीव गेले. पण तो नाईट क्लब होता आणि त्याचा दाखला घरांना जसाच्या तसा लावता येणार नाही. ज्या नव्या घरात मालक स्वतः राहणार आहे त्याला सल्ला द्यावा. जे घर व्हिला म्हणून पर्यटकांना भाड्याने देण्यासाठीच बांधले जाते त्याला सक्ती करावी. तिथे झोपणाऱ्याला जिना कुठे, मागचे दार कुठे, दाराची कडी कशी उघडते, यातले काहीच माहीत नसते. सदनिकांचेही तसेच, कारण तिथे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातली आग आपल्या दारात येते.

प्रश्न : आमच्या नव्या सदनिकेत स्प्रिंकलर आहेत. छत रंगवताना रंगाऱ्याने त्यांवरही रंगाचा हात मारला. रॉकेलने पुसून घेतले तर चालेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : चालणार नाही. रंगाच्या थरामुळे कुपी उशिरा फुटते किंवा फुटूनही तोंड मोकळे होत नाही. रंग लागलेला स्प्रिंकलर साफ करून वापरायचा नसतो, तो बदलायचाच असतो. संकुलाच्या देखभाल करणाऱ्यांना सांगून त्या मजल्याची पाण्याची वाट बंद करवून घ्या, काम जाणकाराकडूनच करवा, आणि वाट पुन्हा उघडली की नाही हे समोर उभे राहून पाहा.